वाकड्या शिंगाचे सांबर

साबरशिंग मराठी माणसाच्या आयुष्यात फार लवकर येते. तान्ह्या मुलाची छाती भरली की सहाणेवर शिंग उगाळून त्याचा लेप लावायची रीत जुन्या घरांतून होती, आणि वैद्याच्या पुडीतले शृंगभस्मही याच शिंगाचे. पुढे ते सुरीच्या मुठीत भेटते, वाड्याच्या दिवाणखान्यात लाकडी ढालीवर ठोकलेले भेटते, डोंगराकडच्या एखाद्या देवळात तुळईला टांगलेले दिसते. सगळीकडे शिंग आहे आणि सांबर कुठेच नाही. शिंग पाहून जनावराची किंमत ठरवायची सवय आपल्याला अशी नकळत लागते. तिची खरी कसोटी लागते ती शिंग नेहमीसारखे नसते तेव्हा. डावे शिंग सरळ, तीन टोकांचे, आणि उजवे कानामागे वळून खाली आलेले, किंवा नुसताच बोटभर खुंट. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात असा नर समोर आला तर मारावा की जाऊ द्यावा? कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला, पण माणसांच्या बोलण्यातून तो गेलेला नाही. ‘असला नर ठेवून काय उपयोग, वाण बिघडेल,’ असे शिकारीतले जाणते म्हणवणारे आजही म्हणतात. मला वाटते तो नर जाऊ द्यावा, आणि उद्या कायदा नसला तरी जाऊ द्यावा.

मुळात सांबराचे शिंग गाई-म्हशीच्या शिंगासारखे जन्मभराचे नसते. ते निखळ हाड आहे. ते गळते आणि पुन्हा येते. साधारणपणे उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुनी शिंगे पडतात. तोरण्याच्या आणि राजगडाच्या घळींत पावसाचा पडदा लागलेला असतो तेव्हा नराच्या कपाळावरच्या खुंटांवर नवी शिंगे वाढत असतात. ती या काळात मऊ लव असलेल्या कातडीत गुंडाळलेली असतात. आत रक्त खेळत असते, हात लावला तर ऊब लागेल, आणि ओरखडा गेला तर रक्त येईल. पावसाळा सरला की ही कातडी वाळते, नर ती झाडांच्या बुंध्यांवर घासून काढतो, आणि थंडीच्या तोंडाला माजावर येतो तेव्हा शिंग टणक झालेले असते. म्हणजे शिंग सर्वांत नाजूक असते ते नेमके निसरड्या कड्यांच्या आणि दाट कारवीच्या दिवसांत. नर एकदा घसरला, कोवळे शिंग फांदीत अडकून मुरगळले, की ते वाकडेच टणक होते. मागच्या पायाला मोठी इजा झाली तर पुष्कळदा विरुद्ध बाजूचे शिंग बिघडते, हे हरणांच्या अनेक जातींत पाहिले गेले आहे. वृषणाला इजा झाली तर कातडी वाळतच नाही आणि शिंग गाठीगाठींचे, बेढब होत जाते. उपासमार झालेल्या नराचे शिंग खुजे राहते, आणि म्हातारपणी चांगल्या नराचेही शिंग उतरणीला लागते. तऱ्हेवाईक शिंगात बहुतेक वेळा त्या एका जनावराचे अपघात, उपास आणि वय दिसते. त्याच्या वाणाबद्दल ते फारच थोडे सांगते.

यावर जाणता शिकारी एक चांगला प्रश्न विचारतो. तोच नर पुढच्या वर्षीही तसल्याच शिंगाचा दिसला, तर ते रक्तातले नव्हे का? प्रश्न वाजवी आहे, कारण अपघात दरवर्षी त्याच जागी होत नाही. पण याचे उत्तर मिळालेले आहे. अँथनी बुबेनिक या संशोधकाने वाढत्या शिंगांना झालेल्या इजांचा अभ्यास केला. इजा झालेले शिंग गळून गेल्यावरही पुढची काही वर्षे नवे शिंग त्याच जागी तसेच वाकडे येते, असे त्यांना आढळले. जखम झालेले हाड रानात कुठेतरी कुजत असते आणि जखमेची आठवण मात्र शरीरात उरते. हरणांविषयी जे जे वाचण्यात येते त्यात मला याहून थक्क करणारे काही नाही. आणि शिकाऱ्याचा सर्वांत भक्कम पुरावा, ‘दरवर्षी तसेच येते’, तो याने निकामी होतो.

वाण बिघडण्याच्या भीतीची सरळ परीक्षाही होऊन गेली आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कधीकधी बिनशिंगाचा लाल हरणाचा नर निपजतो. तिथे त्याला ‘हमेल’ म्हणतात. असा नर दिसला की गोळी घालायची, नाहीतर त्याची प्रजा बोडकी निपजेल, असे तिथले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. जेराल्ड लिंकन आणि जॉन फ्लेचर यांनी असा एक नर पाळून त्याच्यापासून पैदास केली. त्याच्या मुलग्यांना व्यवस्थित शिंगे आली. पुढे त्याच्याच मुलींशी त्याचा संकर केला, दोष रक्तात असता तर तो तिथे हमखास वर यायला हवा होता. तरीही नर शिंगांचेच झाले. लहानपणी पोषण कमी पडल्यामुळे या नराच्या कपाळावर खुंटच धड वाढले नव्हते. वाण राखण्यासाठी म्हणून जे नर तिथे मारले गेले, त्यांतले कितीतरी केवळ उपाशी वाढलेले असणार.

शिंगाची वाढ अजिबात आनुवंशिक नसते असे मी म्हणत नाही. ती काही अंशी नक्कीच आनुवंशिक असते, आणि म्हणूनच शिंग बघून गोळी घालणे अधिक धोक्याचे आहे. कॅनडात आल्बर्टा प्रांतातल्या राम माउंटनवर डोंगरी मेंढ्यांची ३० वर्षांची नोंद आहे. डेव्हिड कोल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे शिकारी सर्वांत भारी शिंगांचे मेंढे निवडून मारत. ज्यांची शिंगे लवकर वाढत ते पुरती पैदास करायच्या आतच संपत. परिणामी कळपातली शिंगे लहान होत गेली आणि मेंढ्यांचे वजनही घटले. मेंढ्याचे शिंग वेगळ्या जातीचे, ते गळत नाही, हे खरे. पण निवडीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. माणूस देखण्या शिंगासाठी मारतो तेव्हा चांगले रक्त कमी करतो, आणि वाकड्या शिंगासाठी मारतो तेव्हा बहुधा काहीच सुधारत नाही. दोन्ही वेळा आपण जाण दाखवली असे त्याला वाटते.

दुसरा आक्षेप हौशी संग्राहकाचा. असे शिंग पुन्हा मिळणार नाही, निदान ते तरी जपून ठेवावे. ही ओढ मी समजू शकतो. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या नोंदवहीने १८९२ पासून जगभरच्या शिंगांची मापे छापली, आणि सांबराच्या शिंगाचे सुमारे ५० इंचांचे माप आपल्याकडच्या शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. पण दरवर्षी गळणारी वस्तू जपण्यासाठी तिचा धनी मारायचा, हे मला कधीच पटलेले नाही. रानात पडलेले शिंग वाया जात नाही. साळिंदर ते चुन्यासाठी कुरतडते. पडून काही महिने झालेल्या शिंगावर त्याच्या दातांच्या समांतर खाचा स्पष्ट दिसतात. उरलेले मातीत जाते. ते उचलून घरी आणून ठेवणे हाही आज गुन्हाच आहे, आणि तसा तो असावा, कारण पडलेले शिंग विकता येऊ लागले की पाडलेले शिंगही त्याच भावात खपते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा. तो सर्वांत खरा आहे आणि त्याला शहरातून उपदेश करणे बरे नव्हे. भात पोटरीला आल्यावर एका रात्रीत खाचर आडवे झाले तर वर्षाचे धान्य जाते. पण या नुकसानीत रानडुकराचा वाटा मोठा, आणि शेतात शिरणाऱ्या जनावराचा शिंगाच्या आकाराशी काहीही संबंध नाही. शेत वाचवायचे असेल तर कुंपण, राखण, वेळेवर पंचनामा आणि हातात पडणारी भरपाई हवी. त्यासाठी आग्रहाने भांडले पाहिजे, आणि त्या भांडणात मी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. वाकड्या शिंगाचा नर पाडून यातले काहीच मिळत नाही.

भोर-वेल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. हा सगळा मुलूख भोर संस्थानाचा होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी संस्थानाच्या तालुक्यांची नावेच किल्ल्यांवरून होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा आला आणि शिकार परवान्याच्या चौकटीत बसवली गेली. पुढे भाटघरच्या जोडीला पानशेत, नीरा-देवघर आणि गुंजवणीची धरणे झाली, रस्ते वर चढले, डोंगरउतारांवर बंगल्यांच्या वसाहती आल्या. आज इथे भेकराची भुंक वर्षभर कानावर येते, सांबर मात्र थोडेच उरले आहे आणि तुटक पट्ट्यांत विखुरलेले आहे. अशा ठिकाणी पैदाशीचा एकेक नर मोलाचा. मोठ्या कळपातून एक वजा केला तर भरून निघतो. रायरेश्वराखालच्या एखाद्या घळीतला एकुलता नर गेला तर त्या वर्षीच्या माद्या मोकळ्या राहू शकतात. आणि हाडाची जखम भरून, बिबट्याला चुकवून, एवढे चढउतार करत जो जगला, त्याच्या रक्तात खोट शोधण्याआधी त्याच्या तग धरण्याकडे पाहावे.

हा विचार या डोंगरांना परका नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा वेल्हे-पानशेतच्या राया त्यात होत्या. रायांमध्ये चांगले झाड ठेवायचे आणि वाकडे तोडायचे अशी निवड नव्हती. वठलेले लाकूडही देवाचे म्हणून तिथेच पडून राहायचे. त्यामुळेच आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी जुनी झाडे आणि वेली त्या तुकड्यांत टिकल्या. देवाच्या भीतीने पाळलेला नियम होता, पण रानाच्या हिताला तो आपल्या निवडीपेक्षा बरा ठरला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आज मारण्याची वाट अगदी अरुंद आहे. जनावर माणसाच्या जिवावर उठले असेल, किंवा बरे न होण्याइतके जायबंदी वा रोगी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. शिंग वाकडे असणे यात बसत नाही, आणि बसूही नये. तेव्हा मढे घाटाच्या वाटेवर किंवा वरंध घाटाच्या वळणावर गाडीच्या उजेडात असा नर उभा दिसला, तर दिवे मंद करा आणि त्याला रस्ता ओलांडू द्या. तो लंगडत असेल, गळ्यात फासा असेल, तर मागे धावू नका; वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि जागा नेमकी सांगा.