२११२ केबीवर अडकलेला आवाज

उमरीच्या एका आजोबांचा आवाज नांदेडहून लातूरला काही केल्या जाईना. ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी पैसा उभा केला, तेव्हा हे आजोबा दहा वर्षांचे होते. त्या दिवसाविषयी ते आमच्याशी दोन तास बोलले. निजामाचं राज्य गेलं तेव्हा जी पोरं होती, ती आता ऐंशीच्या पुढं गेलीत. म्हणून आम्ही काही जणांनी २०२१ मध्ये अशा आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या. एक प्रत नांदेडला आणि दुसरी लातूरला, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सगळं एकाच छपराखाली ठेवू नये, हे किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आवाज मूळ रूपातच ठेवायचा म्हणजे तासाला एक जीबीहून थोडा जास्त होतो. दोन्ही गावांतले कॉम्प्युटर व्हीपीएनने जोडलेले होते आणि एससीपीने फाईल पाठवायची होती. आज्ञा दिली, पासवर्ड स्वीकारला गेला, आकडा भराभर २११२ केबीपर्यंत चढला आणि तिथंच थांबला. शेजारी शब्द आला, ‘स्टॉल्ड’. पुन्हा पाठवली, पुन्हा २११२. लातूरचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलाला फोन केला.

“काका, इकडं फाईलचं नाव दिसायलंय, पण आत काहीच नाही. शून्य.”

माझ्या पडद्यावर दोन एमबी गेलेली आणि त्याच्याकडे शून्य. हा फरक मी तेव्हा नीट ऐकला नाही, याची मला आजही रुखरुख आहे. मी केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, लातूरच्या डिस्कमध्ये जागा आहे का ते त्याला बघायला लावलं. सेवा देणाऱ्याकडे तक्रार केली. तिकडून सांगितलं, पिंग व्यवस्थित जातंय, लाइन चांगली आहे. मी करून पाहिलं तर खरंच, पिंग एकदाही चुकत नव्हतं.

शेवटी डिस्क पिशवीत घालून एसटीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठेपर्यंत ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. त्या दिवसापुरतं काम झालं, पण दर मुलाखतीला हा प्रवास जमणार नव्हता.

परत आल्यावर त्या मुलानेच धागा पकडला. लातूरच्या कॉम्प्युटरवर मी नांदेडहून काम करत होतो. छोट्या आज्ञा चालत होत्या. चारशे फाइलींच्या फोल्डरची यादी मागितली की मात्र पडदा गोठायचा. तो म्हणाला, “काका, लहान ते जायलंय, मोठं ते अडकायलंय. दोन्हीकडून.”

मग मोजायला बसलो. पिंग साधारणपणे ५६ बाइटचं इवलंसं पाकीट पाठवतं. त्याचा आकार वाढवता येतो आणि वाटेत त्याचे तुकडे करू नका अशी खूणही लावता येते. १४७२ बाइट पाठवले, उत्तर नाही. १३००, उत्तर आलं. १४००, नाही. १३९०, आलं. १३९२ आलं, १३९३ नाही. पाकिटावरच्या पत्त्याचे २८ बाइट धरले तर वाट १४२० ची निघाली.

आमचे कॉम्प्युटर मात्र १५०० ची वाट आहे असं धरून चालले होते. इथरनेटचं नेहमीचं माप तेच. व्हीपीएन प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवतो, त्या वेष्टणाला जागा लागते, म्हणून आतलं माप कमी होतं. यात बिघाड काहीच नाही. असं झालं की वाटेतला राउटर मागे निरोप धाडतो, ‘पाकीट मोठं आहे, एवढ्या मापाचं पाठव,’ आणि पाठवणारा माप कमी करतो. ही रीत १९९० पासून लिहून ठेवलेली आहे. तो निरोप आयसीएमपी नावाच्या मार्गाने येतो, आणि आमच्या दोन्ही राउटरवर पिंग सोडून हा सगळा मार्ग सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेला होता. लहान पाकिटं आत जात. मोठी तिथंच टाकून दिली जात आणि का टाकली ते कुणी सांगत नसे. जाणकार अशा जागेला कृष्णविवर म्हणतात. पिंग चालू ठेवल्यामुळे तर आम्ही जास्तच फसलो.

२११२ चंही कोडं सुटलं. एससीपी ज्यावर चालतं ते एसएसएच समोरून पोच येण्याआधी २०४८ केबी आपल्याच साठ्यात घेतं, आणि दोन प्रोग्रॅममधल्या पाइपात आणखी ६४ केबी मावतात. गेल्यासारखा दिसणारा तो दोन एमबी आवाज माझ्या टेबलावरून हललाच नव्हता.

आधी खात्रीसाठी नुसत्या माझ्या कॉम्प्युटरचं माप १४२० केलं. फाईल सुरू झाली, २११२ आला आणि आकडा पुढं सरकला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग दोन्ही राउटरवर तो अडवलेला निरोप मोकळा केला आणि व्हीपीएनमधून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीच्या आतल्या मजकुराला १३८० बाइटची मर्यादा घातली. एससीपी सोडून आरसिंक घेतलं आणि त्यात अर्धवट फाईल राखून ठेवायचा पर्याय लावला, म्हणजे वीज गेली तर अर्धवट फाईल तिथूनच पुढं सुरू होते. ‘सगळं बंद करा म्हणजे सुरक्षित’ हा सल्ला मला तेव्हापासून पटत नाही. काय बंद करतोय ते आधी कळलं पाहिजे.

रात्री पावणेदहाला आजोबांची फाईल पूर्ण झाली. दोन्ही गावांत तिची चेकसम काढून फोनवर एकेक अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. मी म्हटलं, आता झोप जा. तिकडून उत्तर आलं नाही. त्यानं फाईल लावली होती. फोनमधून मला आजोबांचा खोकला ऐकू आला, मग त्यांचा प्रश्न, “सुरू झालं का रे?”, आणि मग उमरीचा तो दिवस. आम्ही दोघं बराच वेळ ऐकत राहिलो.