शून्य कार्य

दहावीपर्यंतचे माझे सारे विज्ञान मराठीत झाले. चाल आणि वेग यांतील भेद, न्यूटनचे गतिविषयक नियम, त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द नेसरीच्या शाळेत मी घोकले होते आणि ते आपल्याला समजले आहेत, असा माझा समज होता. अकरावीला विज्ञान शाखेत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात हे ओळखीचे शब्द दिसेनासे झाले. त्यांच्या जागी व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम हे परके पाहुणे येऊन बसले. पहिल्या घटक चाचणीत २५ पैकी ६ गुण मिळाले. उत्तरे येत नव्हती, असे नाही. मला प्रश्नच कळले नव्हते. ग्रामीण महाराष्ट्रातील कितीतरी मुलामुलींनी हा अनुभव घेतला असेल. भौतिकशास्त्र अवघड की त्याची नवी भाषा अवघड, हे ठरवण्याइतकीही उसंत त्या वयात मिळत नाही.

मग मी एक वही केली. डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजव्या बाजूला इंग्रजी. ती वही भरत असताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांना मी परके समजत होतो ते तर परके होतेच; पण ज्यांना आपले समजत होतो ते मराठी शब्दही शास्त्रात शिरताना घरचा अर्थ उंबऱ्याबाहेर ठेवून जात होते. ताकद, जोर, बळ, शक्ती हे शब्द आम्ही घरी एकमेकांच्या जागी सहज वापरत असू. शास्त्रात मात्र बल वेगळे, शक्ती वेगळी आणि ऊर्जा त्याहून वेगळी. ‘कार्य’ हा शब्द तर घरी फक्त लग्नामुंजीच्या वेळी कानावर पडे. कार्य पार पडले, म्हणजे मांडव उतरला. पुस्तकातले कार्य निराळे होते. बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तूचे विस्थापन झाले तरच कार्य, एरवी नाही.

याच धड्यात एक उदाहरण होते. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने एकसमान वेगाने चालणारा माणूस त्या ओझ्यावर किती कार्य करतो? उत्तर होते शून्य. डोक्याने लावलेले बल वरच्या दिशेने, विस्थापन आडव्या दिशेने. दोहोंमधील कोन ९० अंशांचा आणि त्याची कोसाइन किंमत शून्य. हे गणित मला चटकन कळले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी कळल्याचा तो आनंद होता.

त्या संध्याकाळी आई ओल्या वैरणीचा भारा घेऊन रानातून आली. गोठ्यापाशी भारा टाकून तिने चुंबळ काढली आणि मानेवरून हात फिरवत ती जोत्यावर टेकली. मी वही घेऊन बाहेर आलो आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘‘आई, शास्त्राप्रमाणे तू रस्त्यानं काहीच कार्य केलं नाहीस. शून्य.’’

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘मग ही मान कशानं अवघडली रं?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला लागले. वहीत त्याचे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांना तोच प्रश्न विचारला. ते हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर पुन्हा आकृती काढली आणि चक्क मराठीत बोलू लागले. ‘‘व्याख्या चुकलेली नाही. पण ती ओझ्याविषयी बोलते, बाईविषयी नाही. भारा तोलून धरताना स्नायूंचे तंतू सारखे आखडतात आणि सैल होतात. त्यासाठी अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. भाऱ्यावर कार्य झालं नाही. पण शरीराच्या आत कार्य झालं, ऊर्जाही गेली.’’ मग त्यांनी मला चढणीचे गणित करायला सांगितले. २५ किलोचा भारा, ओढ्यापासून आमच्या घरापर्यंत सुमारे २० मीटरची चढण: ४९०० ज्यूल. म्हणजे जेमतेम सव्वा किलोकॅलरी. भाकरीच्या एका घासात याहून अधिक ऊर्जा असते. आई दिवसाकाठी जे खात होती आणि पुस्तक जे मोजत होते, त्यांतील सारे अंतर तिच्या घामात गेले होते.

गावाजवळच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचे स्मारक आहे. फेब्रुवारी १६७४ मध्ये बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेलेले सात स्वार तेथे पडले. बल अफाट आणि फौज तर जागची हलली नाही. पदार्थविज्ञानाच्या काटेकोर हिशेबाने पाहिले, तर तेथेही शून्यच लिहावे लागेल. तरी साडेतीनशे वर्षे माणसे त्या जागी थांबतात. व्याख्या काय मोजते हे जाणणे म्हणजे ज्ञान. ती काय मोजत नाही हे जाणण्यासाठी आणखी काही लागते, असे मला त्या खिंडीतून जाताना वाटू लागले.

बारावीला मी भौतिकशास्त्रात उत्तीर्ण झालो, इतकेच. पुढे मी मराठीकडे वळलो. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर विश्वाची रचना मराठीत उलगडून सांगत असत, हे वाचले तेव्हा माझ्या त्या दोन रकान्यांच्या वहीची आठवण झाली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. शब्द नेमका वापरावा, हा धडा मला साहित्याने नव्हे, पदार्थविज्ञानाने दिला.

सरांचे स्पष्टीकरण मी त्याच रात्री आईला सांगितले होते. भाकरी थापता थापता तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘ते मला ठावं हाय. तुझ्या पुस्तकाला सांग.’’ दुसऱ्या दिवसापासून वैरणीचे दोन भारे होऊ लागले. लहान भारा माझ्या डोक्यावर असे.