लहान शहरांना कर्ज काढू द्या

नगरपालिकांचे हिशेब तपासून त्यांची पत ठरवणे हा माझा व्यवसाय. ताळेबंदाआधी मी कर विभागातली मागणी नोंदवही मागवतो. तीत एखाद्या घराची नोंद असते ‘कौलारू, तळमजला’. जाऊन पाहावे तर खाली दुकानांचे गाळे आणि वर स्लॅबचे दोन मजले. करमूल्य दर चार वर्षांनी नव्याने ठरवायचे असते, पण निवडणूक जवळ आली की ते काम हमखास पुढे ढकलले जाते. गावाची खरी ऐपत अशी वहीबाहेर राहते.

याच गावाला शासकीय पाणी योजनेतला स्वहिस्सा भरायला कर्ज हवे असते. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, प्रस्ताव मंत्रालयात जातो आणि पडून राहतो. तोवर टाकीचा खर्च वाढलेला असतो. शासनाच्या पूर्वमंजुरीची ही अट १९१४च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यापासूनची. ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, कर्जाची किल्ली मात्र राज्याकडेच राहिली. १९९९मध्ये नगरपरिषदांची जकातही गेली. हाती उरली मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी.

मोठ्या शहरांना वाट सापडली. अहमदाबादने १९९८मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. पुण्याने २०१७मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी उभे केले. पण ज्या नगरपरिषदेला जेमतेम आठ-दहा कोटी हवेत, तिला पतमानांकन, विश्वस्त, वकील हा खर्चच परवडत नाही. तमिळनाडूने यावर २००२-०३मध्ये तोड काढली, आणि ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. डझनभर लहान नगरपालिकांची मोट बांधून एका निधीमार्फत ९.२ टक्क्यांनी, पंधरा वर्षांच्या मुदतीने ३०.४१ कोटी उभारले. हप्त्याचे पैसे नगरपालिकेने वेगळ्या खात्यात भरायचे. कमी पडले तर राज्याने तिच्या अनुदानातून कापून द्यायचे. शिवाय निम्म्या मुद्दलाला अमेरिकी मदतसंस्थेची हमी होती.

मोकळीक दिली की गावे बुडतील, ही भीती खोटी नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जेफरसन काउंटीने सांडपाणी वाहिन्यांसाठी तीन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज घेतले, त्यावर बदलत्या व्याजदराचे गुंतागुंतीचे करार केले, काही अधिकारी लाचखोरीत दोषी ठरले आणि २०११मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. वाढलेली सांडपाणी पट्टी गरिबांच्या माथी आली. कर्ज किती घेतले यापेक्षा कसे घेतले, हे तिथे घातक ठरले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या नगरपरिषदेने करमूल्य वेळेवर सुधारले, चालू मागणीची वसुली चोख ठेवली आणि ज्या योजनेचा हप्ता व पंपाचे वीजबिल पाणीपट्टीतून भागते, तिला ठरावीक मर्यादेपर्यंत मंत्रालयाची पायरी चढायला लावू नये. व्याजदर स्थिर हवा आणि पैसा केवळ कामासाठी. पगार किंवा ठेकेदारांची जुनी देणी त्यातून भागवू देऊ नयेत. बाकीच्यांनी आधी नोंदवही दुरुस्त करावी.

तुमच्या गावात कर्जाचा ठराव येईल तेव्हा नगरसेवकांना दोन प्रश्न जरूर विचारा: शेवटची कर आकारणी कोणत्या साली झाली, आणि चालू मागणीपैकी वसूल किती झाली?