टर्नरचा नॉरम

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरून ट्वीड नदी वाहते. तिच्या इंग्लंडकडच्या काठावर, उंचावर, नॉरमचा पडका किल्ला उभा आहे. डरहॅमच्या बिशपने तो ११२१ मध्ये बांधायला घेतला. सीमेवरचा किल्ला म्हटल्यावर वेढे आणि तोफा त्याच्या नशिबी आल्याच. १७९७ च्या उन्हाळ्यात चित्रकार विल्यम टर्नर तिथे पोचला तेव्हा भग्न भिंतीच उरल्या होत्या. लंडनच्या एका न्हाव्याचा हा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता.

त्याने पेन्सिलीने रेखाटन केलं आणि पुढच्याच वर्षी नॉरमचं जलरंगातलं चित्र रॉयल अकॅडमीत लावलं. किल्ल्यामागून सूर्य वर येतोय, मनोरा सावलीत आणि नदीवर उजेड. चित्र गाजलं, मागण्या येऊ लागल्या.

मग हा किल्ला त्याला सोडेना. १८१६ मध्ये किल्ल्याच्या चित्राची छापील आवृत्ती निघाली, १८२० च्या दशकात इंग्लंडच्या नद्यांच्या चित्रमालेतही तो आला. सर वॉल्टर स्कॉटच्या काव्यसंग्रहासाठी चित्रं काढायला टर्नर १८३१ मध्ये तिकडे गेला. नॉरम दिसताच त्याने टोपी काढून किल्ल्याला वाकून नमस्कार केला, असा किस्सा सांगतात. सोबतच्या प्रकाशकाने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणे म्हणाला, याच्या चित्रानंतर हाताला काम कधी कमी पडलं नाही. व्यवहारी माणसाची भक्तीही अशी हिशेबी!

१८४५ च्या सुमारास, सत्तरीत, त्याने जुन्या छापाची तीच मांडणी पुन्हा कॅनव्हासवर घेतली. तैलरंग इतका पातळ लावला, की जलरंगच वाटावा. किल्ला म्हणजे धुक्यातला निळा डाग. पाण्यात उतरलेली तांबूस गाय तेवढी ओळखू येते.

यात अनेकांना फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्राची चाहूल लागते. मोह समजण्यासारखा आहे, पण हे चित्र टर्नरने पुरं केलं नव्हतं. अर्धवट कॅनव्हास प्रदर्शनात टांगून तिथेच रंगवण्याची त्याची रीतच होती. १८३५ मध्ये संसदेच्या आगीचं चित्र त्याने बरंचसं असंच, भिंतीवर टांगल्यावर रंगवलं. नॉरमचा सूर्योदय त्याने कधी भिंतीपर्यंत नेलाच नाही. १८५१ मध्ये तो वारला आणि हे चित्र लोकांसमोर आलं १९०६ मध्ये.

लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनात हे चित्र पाहण्याचा योग आला, तर आधी १८१६ च्या छापाची प्रत कुठून तरी पाहून जा. म्हणजे म्हाताऱ्या टर्नरने काय काय गाळलं, ते दिसेल.