दाराला आतून कडी आहे का?

लिंगपुष्टी शस्त्रक्रियेची चौकशी करायला माझ्याकडे येणारी माणसं बहुधा पूर्ण तयारीनं येतात. मोबाइलमध्ये फोटो साठवलेले असतात, शस्त्रक्रियांची लांबलचक नावं पाठ असतात, कुठल्या शहरात किती खर्च येतो तेही ठाऊक असतं. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?’ मी प्लास्टिक सर्जन आहे, तेव्हा उत्तर देणं माझं कामच. पण त्याआधी मीच काही विचारते. घरात संडास आत आहे की बाहेर? भारतीय पद्धतीचा की कमोड? तुम्ही झोपता त्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का? दीड-दोन महिने कामावर गेला नाहीत तर घर चालेल का? जेवणाचं कोण बघणार?

हे प्रश्न ऐकून काही जण बुचकळ्यात पडतात. माझं म्हणणं मात्र ठाम आहे: कोणती शस्त्रक्रिया करायची हे शरीर पाहून जितकं ठरवायचं, तितकंच घर पाहूनही ठरवायला हवं. ऑपरेशन टेबलावरचे काही तास मी सांभाळते. त्यानंतरचं वर्ष त्या व्यक्तीला सांभाळायचं असतं, आणि त्या वर्षात काय काय करावं लागेल हे आधी नीट माहीत नसेल तर उत्तम झालेलं ऑपरेशनसुद्धा हातचं जातं.

त्याच्याही आधी एक गोष्ट सांगते. काही जण केवळ कागदपत्रांसाठी शस्त्रक्रिया करायला निघालेले असतात. ऑपरेशन झाल्याशिवाय आपल्याला कुणी स्त्री किंवा पुरुष मानणार नाही, या समजुतीनं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2014 च्या नालसा निकालात स्पष्ट म्हटलं होतं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. कित्येक ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष फक्त हार्मोन्स घेऊन समाधानानं जगतात, काही तेही घेत नाहीत. ऑपरेशन ज्याला स्वतःच्या शरीरासाठी हवं आहे त्यानंच करावं. दुसऱ्या कुणाची खात्री पटवण्यासाठी एवढं दुखणं अंगावर घेऊ नये.

ट्रान्स स्त्रियांपुढचे पर्याय आधी घेते, कारण निवडीचा गोंधळ तिथे जास्त दिसतो. सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे शिश्नाची त्वचा आत वळवून योनी तयार करणं. जॉर्ज बुरू या फ्रेंच डॉक्टरांनी 1956 साली मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि आजही तिचा गाभा तोच आहे. मूत्रमार्ग आणि गुदाशय यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत पोकळी करायची, तिला त्वचेचं अस्तर लावायचं आणि शिश्नाग्राचा छोटा भाग नसांसकट जपून त्याची शिश्निका घडवायची. त्वचा कमी असेल तर मोठ्या आतड्याचा तुकडा वापरता येतो किंवा पोटाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे पेरिटोनियमचा. आतड्याला स्वतःचा ओलावा असतो, हे ऐकून पुष्कळ जणी तेच मागतात. पण तो ओलावा चोवीस तास झरतो, त्याला वास येऊ शकतो, शिवाय त्यासाठी पोटाची मोठी शस्त्रक्रिया करून आतडं जोडावं लागतं. ज्यांचं पूर्वी निर्वाण, म्हणजे हिजडा परंपरेतलं छेदन, झालेलं आहे त्यांच्याकडे वापरायला त्वचाच उरलेली नसते; त्यांच्यासाठी आतडं किंवा पेरिटोनियम हा खरा पर्याय ठरतो.

आता कडीच्या प्रश्नाकडे येते. नवी योनी म्हणजे शरीराच्या दृष्टीनं एक जखम असते आणि जखम आकसून भरते. ती आकसू नये म्हणून डायलेशन करावं लागतं, म्हणजे डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी ठरावीक वेळ आत ठेवावी लागते. पाचव्या ते सातव्या दिवशी आतलं पॅकिंग काढलं की आम्ही ते शिकवतो. पलंगावर उशीला टेकून बसायचं, गुडघे दुमडून बाजूला सोडायचे, हातात छोटा आरसा घ्यायचा. डायलेटरला भरपूर जेली लावायची. सुरुवातीला त्याचं टोक किंचित खाली, पाठीच्या दिशेनं; समोरच्या जघनास्थीच्या खालून तो पुढे गेला की आडवा करायचा. जोर लावायचा नाही. लांब श्वास सोडायचा आणि लघवी सुरू होताना स्नायू जसे सैल पडतात तसे पडू द्यायचे. डायलेटरवर खुणेचे ठिपके असतात. काल कितवा ठिपका दिसत होता आणि आज कितवा, ते वहीत लिहायचं. तिथे वीस मिनिटं, अर्धा तास थांबायचं. मग साबणानं धुऊन सगळं कोरडं करायचं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, डोळ्यांतून पाणी येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच मुलगी कानात इअरफोन घालून गाणी ऐकत हे करत असते.

पहिले तीनेक महिने हे दिवसातून तीनदा. पुढे हळूहळू कमी करत वर्षानंतर आठवड्यातून एक-दोनदा, पण ते कायमचं. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं राहत असतील आणि त्यातल्या तिघांना ऑपरेशनचा पत्ताही नसेल, तर दिवसातून तीनदा अर्धा तास एकांत कुठून आणायचा? डायलेशन चुकलं की पोकळी आखडत जाते, आणि ती पुन्हा करणं पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं.

म्हणून मी एका पर्यायाबद्दल आवर्जून बोलते, ज्याची चौकशी फारसं कुणी आपणहून करत नाही. त्यात बाहेरची रचना, शिश्निका, मूत्रमार्गाची जागा सगळं केलं जातं, फक्त आतली खोली ठेवली जात नाही. डायलेशन नाही, गुदाशयाला इजा होण्याचा धोका जवळपास नाही, महिना-दीड महिन्यात माणूस बरंचसं हिंडतं-फिरतं. ज्यांना योनिमार्गे संबंधांची इच्छा नाही त्यांच्यासाठी हे उत्तम आहे. आई-भावांबरोबर दोन खोल्यांत राहणाऱ्या एका मुलीला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, ‘मग मी अर्धीच बाई होईन का?’ मी म्हटलं, ‘आत किती जागा आहे ते मोजून कुणी बाई ठरत नाही. तुम्हाला रोज अंगावर काय वागवायचंय तेवढं सांगा.’ विचार करायला तिनं काही महिने घेतले आणि मग तीच शस्त्रक्रिया निवडली. दुसरी एक, तिच्यासारख्याच घरात राहणारी, पूर्ण खोलीची योनीच हवी म्हणाली आणि त्यासाठी मैत्रिणीकडे वेगळी खोली घेऊन राहिली. दोघींचाही निर्णय मला पटला, कारण दोघींनी पुढचं वर्ष डोळ्यांसमोर आणून तो घेतला होता.

संडासाचं तसंच. सुरुवातीचे आठवडे उकिडवं बसायचं नसतं, टाक्यांवर ताण येतो. भाड्यानं कमोडची खुर्ची मिळते, ती दाखल होण्याआधीच घरी आणून ठेवा असं मी सांगते. बद्धकोष्ठता हा या दिवसांतला सर्वांत मोठा छळ, तेव्हा इसबगोल आणि भरपूर पाणी. तंबाखू, मिश्री, सिगारेट किमान महिनाभर आधीपासून बंद. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या जागी लावलेली त्वचा काळी पडते. जननेंद्रियांच्या त्वचेवरचे केस लेझरनं किंवा इलेक्ट्रोलिसिसनं काढायला कित्येक महिने लागतात, तेही आधी. शुक्राणू किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवायची असतील तर तो विचारही याच टप्प्यावर करायचा, नंतर दार बंद होतं.

निर्वाणाबद्दल थोडं. हिजडा परंपरेत दाईच्या हातून होणाऱ्या या छेदनानं कित्येकांचे जीव घेतले आहेत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांतून जगल्यावाचल्यांचे आखडलेले मूत्रमार्ग मी स्वतः दुरुस्त करत आले आहे. ती पद्धत बंदच व्हायला हवी. पण त्यानंतरचे चाळीस दिवस मला विचार करायला लावतात. त्या दिवसांत निर्वाण झालेल्या व्यक्तीची काळजी बाळंतिणीसारखी घेतली जाते. तिला बाहेर जायचं नसतं, काम करायचं नसतं, खाण्यापिण्याचे नियम असतात, कुणी ना कुणी सतत जवळ असतं आणि चाळिसाव्या दिवशी हळद लावून, न्हाऊमाखू घालून जलसा होतो. आमच्याकडे आधुनिक भूल आहे, अँटिबायोटिक्स आहेत, सूक्ष्मदर्शक आहे. पण सातव्या दिवशी डिस्चार्ज मिळालेली मुलगी रिक्षा करून एकटी लॉजवर जाते. चांगल्या पगाराच्या, फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या रुग्णापेक्षा गुरू आणि गुरुबहिणींच्या घरात परतलेली रुग्ण लवकर सावरलेली मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सोबतीला कोण, या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव मिळाल्याशिवाय मी आता तारीख देत नाही. ते नाव रक्ताच्या नात्यातलंच असावं असा आग्रह नाही.

ट्रान्स पुरुषांकडे वळते. छातीची शस्त्रक्रिया त्या मानानं सुटसुटीत. स्तन लहान आणि त्वचा लवचिक असेल तर स्तनाग्राच्या कडेनं छोटा छेद पुरतो. मोठे असतील तर छातीवर दोन आडवे छेद घेऊन स्तनाग्रं काढून नव्या जागी कलम करावी लागतात. त्यांची संवेदना बहुतेक जाते आणि हे आधी सांगितलंच पाहिजे. नळ्या आठवडाभर, घट्ट बाइंडर चार ते सहा आठवडे, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. लोकल आणि एसटीनं प्रवास करणाऱ्यांना मी बजावते की दांडीला लटकायचं नाही. पहिलं ड्रेसिंग उघडलं की कलमं काळपट दिसतात आणि पेशंट हादरतो. ती वरची खपली असते, खालून गुलाबी कातडी येते. आपल्या सावळ्या त्वचेत, त्यातही छातीच्या मध्यावर, व्रण जाड होऊन फुगण्याची सवय असते. सिलिकॉनची पट्टी काही महिने लावायचा कंटाळा करू नये.

लिंगनिर्मितीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. टेस्टोस्टेरॉननं वाढलेली शिश्निका मोकळी करून छोटं शिश्न करता येतं, त्याला मेटॉइडिओप्लास्टी म्हणतात. आकार लहान पण संवेदना पूर्ण आणि एक-दोन टप्प्यांत काम होतं. मोठ्या आकारासाठी मनगटाकडच्या हातावरची त्वचा रक्तवाहिनी आणि नसांसकट उचलून तिची नळी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. ही पद्धत 1984 मध्ये चीनमधल्या सर्जननी मांडली. तपासणीत मी मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबून मूठ आवळायला-सोडायला सांगते, तळवा पांढरा पडतो, मग एकच नाडी सोडायची. काही सेकंदांत तळवा लालसर झाला तर दुसरी नाडी घेता येते. बहुतेक जणांचं लक्ष त्या क्षणी पहिल्यांदा आपल्या हाताकडे जातं. त्या हातावर मांडीची त्वचा लावलेला मोठा चौकोनी व्रण आयुष्यभर दिसणार असतो. वेल्डिंग करणारा, गाडी चालवणारा, तबला वाजवणारा माणूस असेल तर कोणता हात द्यायचा किंवा त्याऐवजी मांडीची त्वचा घ्यायची का, यावर तासभर बोलणं होतं.

उभं राहून लघवी करता यावी ही बहुतेकांची इच्छा, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त त्रास देते. लांबवलेला मूत्रमार्ग कुठेतरी गळणं किंवा आखडणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत नेहमीची गुंतागुंत, कसलेल्या हातांतही. नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणून संवेदना परतायला वर्षभर जातं आणि ताठरतेसाठीचं इम्प्लांट त्यानंतर. हा प्रवास दोन-तीन वर्षांचा धरूनच चालावं. इंग्लंडमध्ये मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषावर सर हॅरॉल्ड गिलीज यांनी 1946 ते 1949 या काळात किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. डिलन तेव्हा डब्लिनला वैद्यकीचं शिक्षण घेत होते आणि सुट्ट्यांमध्ये ऑपरेशनं करून घेत. लंगडत चालावं लागलं की युद्धातली जखम असं सांगत. पुढे ते बौद्ध धर्माकडे वळून भारतात आले आणि 1962 मध्ये डलहौसीला वारले. ‘अपेंडिक्स काढलं’, ‘हर्नियाचं ऑपरेशन झालं’ असं ऑफिसात सांगून परतणारे आजचे माझे पेशंट पाहिले की मला डिलन आठवतात. दुखत असताना दुखत नाही असं दाखवण्यानं बरं व्हायला उशीर होतो, हे मी उपचार म्हणूनच सांगते. खरं सांगता येत नसेल तर निदान रजा मोठी घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या उदासीबद्दलही आधीच बोललेलं बरं. सूज असते, रंग निळाजांभळा असतो, आरशात दिसतं ते स्वप्नातल्यासारखं मुळीच नसतं, दुखणं आणि झोपमोड यांनी मन खचतं. ‘मी चूक तर केली नाही ना?’ हा प्रश्न रात्री येतोच. बहुतेकांचा तो पश्चात्ताप नसतो, थकवा असतो आणि सूज उतरेल तसा तोही उतरतो. खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. पण उदासी महिन्यापलीकडे रेंगाळली तर समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ आमच्या टीममध्ये त्यासाठीच आहेत.

पैशाचं सांगायचं तर तमिळनाडूनं 2008 मध्येच तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ काढलं आणि सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत होऊ लागल्या. केंद्रानं ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारत टीजी प्लसचा करार केला, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या विम्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात निदान छातीची शस्त्रक्रिया आणि पुढची ड्रेसिंगं व्हावीत, एवढं मला फार तळमळीनं वाटतं. आमच्याकडे मुंबईला येणारे बीड, गडचिरोली, सिंधुदुर्ग कुठूनही येतात. टाके ओले असताना परत जातात, आणि मग एका रात्री लघवी अडते. गावातला डॉक्टर हात लावायला बिचकतो, कारण असा पेशंट त्यानं पाहिलेला नसतो.

म्हणून मी प्रत्येकाला एक पान लिहून देते. कोणतं ऑपरेशन झालं, मूत्रमार्गाचं तोंड आता नेमकं कुठे आहे, कोणत्या मापाचं कॅथेटर चालेल, हे त्यात असतं. शिवाय पुढच्या डॉक्टरांसाठी सूचना: ट्रान्स स्त्रीची प्रोस्टेट ग्रंथी जागेवरच असते, ती तपासायला विसरू नका. ट्रान्स पुरुषाचं गर्भाशयमुख ठेवलेलं असेल तर कर्करोगाची तपासणी करा. अंडाशय किंवा वृषणं काढलेली असतील तर हार्मोन्स परस्पर बंद करू नका, हाडं ठिसूळ होतील. खाली माझा नंबर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या डॉक्टरांनी मध्यरात्री त्या नंबरावर फोन केला. पान समोर ठेवून आम्ही बोललो, त्यांनी हळुवारपणे कॅथेटर घातलं, लघवी मोकळी झाली. त्यानंतर आसपासच्या आणखी दोघांची ड्रेसिंगं त्यांनी आपल्याच दवाखान्यात केली. दर आठवड्याला मुंबईची खेप करायची वेळ त्या दोघांवर आली नाही.