दोन गाड्यांच्या मधलं गाव

दरवर्षी जून महिन्यात, शाळा उघडली की आम्ही पाचवीच्या मुलांना विचारतो, "तुमचं मूळ गाव कोणतं?" शाळा उर्दू माध्यमाची, गाव मालेगाव. निम्मी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग एखादा म्हणतो, "दादा म्हणतात, यूपी." यूपीत कुठं, ते त्याला सांगता येत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही एका नावापलीकडे काही सांगता आलं नसतं. ते नाव होतं मऊ.

1857 च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत पूर्व उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर गाव सोडून निघाले. गिरणीच्या कापडानं हातमागाची भाकरी आधीच हिरावून घेतली होती. कुणी भिवंडीला गेले, कुणी बऱ्हाणपूरला, कुणी कामठीला. आमचे आग्रा रोडनं आले आणि मोसम नदीच्या काठी थांबले. इथं येऊन त्यांनी विणली ती मराठी बायकांची रंगीत नऊवारी लुगडी. आमचे दादा लुगड्यांचं गाठोडं घेऊन सटाण्याच्या बाजारात बसत आणि गिऱ्हाइकांशी अहिराणीत भाव करत. दादांची दादी मात्र मरेपर्यंत 'मऊ, मऊ' करत गेली, असं अब्बा सांगतात.

अब्बांना मऊचा ध्यास लागला तो मात्र अलीकडे. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्तीचा कायदा झाला आणि घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. आमच्याही ट्रंकेतून दादांचा शाळेचा दाखला आणि घरपट्टीच्या काही पावत्या निघाल्या. त्याआधीचं काहीच नाही. अब्बा त्या कागदांकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे आपण दादांपासूनच सुरू होतो का?" आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार?

गेल्या फेब्रुवारीत एका शैक्षणिक शिबिरासाठी पाटण्याला जाणं झालं. खुदाबख्श लायब्ररी बघायची म्हणून अब्बाही सोबत आले. परतताना बनारसला गाडी बदलायची होती. पहाटे चारला उतरलो. पुढची गाडी रात्री साडेदहाची. वेटिंगरूममध्ये फजरची नमाज झाली, चहा झाला. आम्ही पाय पसरून झोपायच्या बेतात होतो. अब्बा म्हणाले, "इथून मऊ किती लांब?"

चौकशी केली. सकाळच्या गाडीनं तीनेक तास. सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि औंडिहारमार्गे जाणाऱ्या गाडीत बसलो. बाहेर गव्हाची आणि मोहरीची शेतं होती. अब्बा खिडकीपाशी बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचत होते, शाळकरी पोरासारखे.

मऊ म्हणजे मऊनाथ भंजन. तमसेच्या काठचं शहर. 1988 पर्यंत ते आझमगढ जिल्ह्यात होतं, मग वेगळा जिल्हा झाला. शहाजहानची मुलगी जहाँआरा हिच्या जहागिरीत हे गाव होतं. तिनं बांधलेल्या कटऱ्याचं नाव अजून घेतलं जातं. हे सगळं आम्ही पुस्तकात वाचलेलं. प्रत्यक्षात स्टेशनातून बाहेर पडून मिर्जाहादीपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरलो आणि अब्बा थबकले. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांची खटखट येत होती. "अरे, हे तर मालेगावच आहे!"

पण विचारायचं काय? आमच्याजवळ ना मोहल्ल्याचं नाव, ना घराचं. फक्त अब्बांच्या पणजोबांचं नाव. एका मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या विणकराला ते सांगितलं. तो हसला. "मियाँ, इस नाम के तो हर गली में चार निकलेंगे. और गए भी कितने! बंबई गए, भिवंडी गए, मालेगाँव गए. किस-किस का हिसाब रखें?" अब्बांचा चेहरा उतरला. त्यानं ते पाहिलं असावं. म्हणाला, "आए हो तो चाय पी के जाओ."

त्याच्या घरात चार माग, त्यांवर साड्या चालू. आमच्याकडे कोरं कापड निघतं, त्यांच्याकडे साडी, एवढाच फरक. बोलता बोलता एका मागावर ताण्याचा धागा तुटला. पोरगा यायच्या आत अब्बा उठले, वाकले आणि गाठ मारून मोकळे झाले. चाळीस वर्षं त्यांनी साचा चालवला आहे. म्हातारा टक लावून बघत होता. "गाँठ तो हमारी है," एवढंच म्हणाला. आम्हाला माहीत आहे की अशी गाठ इचलकरंजीचा विणकरही मारतो; तो काही पुरावा नव्हे. पण अब्बांना त्या क्षणी हे सांगण्याची आमची हिंमत झाली नाही.

म्हाताऱ्याची बायको पुन्हा चहा आणायला निघाली, तेव्हा अब्बा हात हलवून म्हणाले, "बस झालं, आपा, बस झालं." ती थांबली. "ई कौन बोली है?" आम्हालाच हसू आलं. मालेगावात आमच्या पूर्वजांना परदेशी म्हणत. इथं आम्ही दख्खनी ठरलो होतो.

निघताना ती म्हणाली, "आज रुक जा, बिहान जइहा."

अब्बा जागीच उभे राहिले. बिहान म्हणजे उद्या. दादांची दादी मुलांना झोपवताना हाच शब्द म्हणायची, 'बिहान मिली', उद्या मिळेल. दादांकडून तो अब्बांपर्यंत आला आणि अब्बांपाशी संपला. आम्ही तो कधी वापरला नाही. आमच्या तोंडी त्या जागी मराठीतला 'उद्या' येऊन बसला होता, आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं.

परतीच्या वाटेवर कब्रस्तानाशी थांबलो. सगळ्या कच्च्या कबरी, मातीचे उंचवटे, नावं नाहीत. आमचं कोण कुठं, कसं कळणार? अब्बांनी फाटकाशी उभं राहून सगळ्यांसाठी फातिहा पढली. मग रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

बनारसला पोचलो तेव्हा गाडीला तास बाकी होता. अब्बा रिकाम्या हातांनीच परतले, कागद मिळाला नाही. पण रात्री बर्थवर पडल्या पडल्या ते शहीदों की यादगारबद्दल बोलत होते. खिलाफत चळवळीच्या काळात मालेगावची माणसं 1922 साली येरवड्याला फासावर गेली, त्यांची ती यादगार. "त्यांना कुणी विचारलं होतं का, तुम्ही कुठले?" अब्बा म्हणाले. आम्ही म्हणालो, "झोपा आता."

दुसऱ्या दिवशी मनमाडला उतरून एस.टी.त बसलो. कंडक्टर म्हणाला, "कुठं, चाचा?" अब्बांनी पैसे पुढे केले. "मालेगाव. दोन द्या."

यंदाच्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गात पुन्हा तोच प्रश्न निघाला. मुलं पुन्हा एकमेकांकडे बघू लागली. आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'बिहान' आणि 'उद्या', आणि सांगितलं, "घरी जाऊन दादा-दादींना विचारून या, यातला कोणता त्यांच्या तोंडी आहे. मग गावाचं बघू."