अर्धी बाटली स्पिरिट

चाळिशी उलटलेला मराठीचा एक प्राध्यापक पिशवीत रिकामी बाटली घालून नांदेडच्या बाजारात स्पिरिट मागत हिंडतो आहे, हे दृश्य एखाद्या विद्यार्थ्याच्या नजरेस पडले तर त्याचा काय समज होईल, हे मी वेगळे सांगायला नको. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी चार दिवस नेमका हाच उद्योग केला. कारण अगदी सात्त्विक होते. पण सात्त्विक कारण दुकानदाराच्या गळी उतरवणे हे बी. ए.च्या वर्गाला ‘ध्वनी’ समजावून देण्यापेक्षा अवघड असते, असा आता माझा पक्का अनुभव आहे.

कारण होते माझ्या वडिलांचे डेस्क. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मांडी घालून बसावे आणि उतरत्या फळीवर कागद ठेवून लिहावे, असे ते जुन्या पद्धतीचे सागवानी डेस्क. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीपूर्वी वडील स्वतः त्याला पॉलिश करीत. आदल्या रात्री काचेच्या बरणीत चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायची. सकाळी पाहावे तो लाखेच्या पापुद्र्यांचा पत्ता नाही आणि बरणीत मधाच्या रंगाचे पाणी! मग मलमलीच्या फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळून त्या पाण्याचे हलके हात मारायचे. उन्हाची तिरीप पडली की डेस्क असे झळके, की जणू शाळेला तपासनीस येणार आहेत.

वडील 2019 साली गेले. पुढच्याच वर्षी कोरोनाची साथ आली आणि घरोघर हात चोळण्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. विष्णुपुरीच्या आमच्या घरातही तसली एक बाटली त्या डेस्कवर विराजमान झाली. ती रात्रभर झिरपत राहिली आणि सकाळी फळीवर तळहाताएवढा पांढुरका, चिकट चट्टा उमटलेला दिसला. वडिलांनी तीस वर्षे राखलेली झळाळी मी एका रात्रीत घालवली होती.

गंमत अशी, की बिघडवले स्पिरिटने आणि सुधारायचे तेही स्पिरिटनेच. लाख पाण्यात विरघळत नाही, टर्पेंटाइनमध्येही विरघळत नाही. मद्यार्कात मात्र विरघळते. हात चोळण्याच्या औषधात मद्यार्काबरोबर पाणी असते, वर ग्लिसरीनही असते. म्हणून ते लाखेचा थर नुसता नासवते. निर्जळ स्पिरिटात कालवलेली ताजी लाख फिरवली, तर जुना थर थोडा सैल होतो, नवा त्यात मिसळतो आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. जुने खरवडून टाकावे लागत नाही. काव्यशास्त्रात माधुर्यगुणाने चित्ताची ‘द्रुती’ होते असे सांगतात. ती मी वीस वर्षे शिकवीत आलो. पण तिचा खरा दृष्टान्त वडिलांच्या बरणीत होता, हे फार उशिरा ध्यानात आले.

तर अशा या स्पिरिटसाठी मी वजिराबादेतल्या एका रंगाच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, “स्पिरिट ठेवणं कधीच बंद केलं, सर. थिनर देऊ का?” औषधाच्या दुकानात जखमा पुसायच्या स्पिरिटची इवलीशी बाटली मिळाली, तिच्यातही पाणी. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या एका दुकानात आशा वाटली. तिथल्या गृहस्थांनी कॉलेजचे पत्र मागितले, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का मागितला, आणि अखेर विचारले, “सर, विषय कोणता आपला?” मी म्हणालो, “मराठी.” ते हसले. मीही हसलो. त्या हसण्यात सौदा संपला.

घरी येऊन मी चरफडलो. मग मास्तरकीच्या सवयीप्रमाणे वाचायला बसलो आणि चरफड हळूहळू कमी होऊ लागली. रंग घालून, विषारी करून पिण्याला अयोग्य केलेल्या स्पिरिटवरही 1949 च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. ते ठेवायला व विकायला परवाने लागतात. का लागतात? 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. रंग विरघळवायला हा उत्तम पदार्थ. पण माणसाच्या पोटात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात आणि मग प्राण.

पेट्रोलियमपासून निघणाऱ्या द्रावकांची कथा निराळी नाही. ती पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळली जातात, म्हणून 2000 साली केंद्र सरकारने त्यांच्या खरेदी-विक्रीवर आणि साठ्यावर स्वतंत्र आदेश काढला. भेसळ करणारे किती निर्ढावलेले असतात, हे महाराष्ट्राने 25 जानेवारी 2011 ला पाहिले. मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. लोकरी कपड्यावरचा तेलकट डाग चुटकीसरशी काढणारे कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनच्या थराला खाते, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रिअल करारान्वये तेही बाजारातून गेले. अक्षरे खोडायचा पांढरा द्रव आणि तो पातळ करायचे औषध मुले हुंगू लागली, तेव्हा 2012 मध्ये त्यांच्या बाटल्यांवरही बंदी आली.

आणि सारा दोष कायद्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. पूर्वी गावात पाट्या रंगवणारे पेंटर होते. त्यांच्यासाठी दुकानदार टर्पेंटाइन सुटे विकीत असे. फ्लेक्स आला, पेंटर गेले, सुटे टर्पेंटाइनही त्यांच्यामागून गेले. आता जे मिळते ते डब्याने मिळते किंवा परगावाहून पार्सलने येते. अर्धी बाटली हवी असणाऱ्या माणसाचे बाजारात कुणीच उरलेले नाही. वखार चालते, कारखाना चालतो. हौस तेवढी चालत नाही.

हे सारे मी रात्री जेवताना मोठ्या तावातावाने सांगत होतो. बोलता बोलता गाडी रॉकेलवर घसरली. रेशनच्या दुकानापुढची ती रांग, ते निळे रॉकेल, हातातला डबा, सायकलची साखळी त्यात बुडवून ब्रशने घासणारे वडील! आता रेशनचे रॉकेल दिसेनासे झाले. अनुदान तर 2016 पासून दरमहा थोडे थोडे करून पुढे संपवलेच. “एका डब्यात केवढं बालपण होतं!” मी म्हणालो.

सौ. ताट आवरता आवरता थांबली. “अहो, तुमच्या आतेबहिणीची आठवण काढा एकदा,” ती शांतपणे म्हणाली.

मी गप्प झालो. मी शाळेत होतो तेव्हाची ती गोष्ट. आत्याची थोरली लेक लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भाजून गेली. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सासरच्यांनी सांगितले. आत्या जन्मभर ते वाक्य ऐकत राहिली, तिने त्यावर विश्वास कधी ठेवला नाही. आमच्या घरात त्यानंतर वडिलांनी रॉकेलचा डबा स्वयंपाकघरातून उचलला आणि बाहेरच्या कोनाड्यात, कुलुपात ठेवला. सायकलची साखळी मला आठवत होती. कोनाड्याचे कुलूप मी विसरलो होतो.

“तुम्हा पुरुषांच्या आठवणीत त्या डब्याला नुसता वास असतो,” ती म्हणाली. “आमच्या आठवणीत काडीही असते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. जे नाहीसे झाले त्याबद्दल हळहळण्याचा मला अधिकार आहे की नाही, याचाच मी विचार करीत राहिलो. लाखेचे तरी काय, महाभारतातले लाक्षागृह तिचेच होते. वस्तू तीच, कुणाच्या हाती झळाळी, कुणाच्या हाती आग. मग कायद्याने हात पाहायचे की वस्तूच उचलून न्यायची?

सकाळी मला एक उत्तर सापडले आणि तेही कायद्यातच. ॲसिड फेकून मुलींना विद्रूप करण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2013 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीला नियम घालून दिले. घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवावे, कशासाठी हवे ते सांगावे, दुकानदाराने वहीत नाव, पत्ता आणि माप लिहावे, अठरा वर्षांखालील कुणाला देऊ नये. यात दार बंद नाही. दाराशी एक वही आहे. ती वही किती दुकानांत प्रामाणिकपणे लिहिली जाते हा प्रश्न निराळा. पण अशीच वही अर्ध्या बाटली स्पिरिटसाठी असती, तर मी आनंदाने तिच्यात लिहिले असते : ‘कारण : वडिलांचे डेस्क.’

अखेर एका जुन्या मिस्त्रींनी मार्ग काढला. “सर, तयार लाखेचं पॉलिश डब्यात मिळतं, तेच घ्या. घरी भिजवल्यागत मजा नाही, पण काम होतंय,” ते म्हणाले. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी मलमलीचा बोळा घेऊन बसलो. आठवा-नववा हात फिरला तेव्हा चट्टा फिका होत होत मावळला. नवी लाख कुठे संपते आणि वडिलांची कुठे सुरू होते, हे मलाही सांगता येईना.

सातवीतले आमचे चिरंजीव शेजारी बसून पाहत होते. “बाबा, लाख पाण्यात का विरघळत नाही?” त्यांनी विचारले. मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले. त्याने मान डोलवली. वर्गातली मुले डोलवतात तशी.

वडिलांनी सांगितले नसते. त्यांनी दोन वाट्या घेतल्या असत्या, एकीत पाणी आणि दुसरीत स्पिरिट ओतले असते, दोन्हींत लाखेचा एकेक पापुद्रा टाकला असता आणि म्हटले असते, “आता सकाळपर्यंत थांब.”